गाडीची फाइल

आमच्या घरात मोठे निर्णय लिहून होतात. बाबांनी भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली, आणि तिथे नोटशीटशिवाय खिळाही हलत नसे. हिरवट कागद, डावीकडे रुंद समास, वर विषय, खाली क्रमांक टाकलेले परिच्छेद, शेवटी सही. मग तो कागद पुढच्या टेबलावर जातो, तिथला माणूस त्याखाली आपलं मत लिहितो, सही करतो. बाबांनी ही पद्धत बरखेड्याच्या आमच्या क्वार्टरमध्येही आणली. कागद मात्र स्वतः बाजारातून विकत घेतलेला, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगत.

माझ्या शाळेची फाइल अजून आहे. मला इंग्रजी माध्यमात घालावं, मराठी घरी शिकवता येईल, असा बाबांचा प्रस्ताव होता. त्याखाली आईचं अक्षर आहे: ‘घरी कोण शिकवणार ते लिहिलेलं नाही.’ त्याखाली बाबांची नुसती सही. शिकवलं आईनंच. रोज संध्याकाळी एक पान शुद्धलेखन, कणीक मळता मळता.

मला ही पद्धत पहिल्यापासून आवडायची. बोलताना माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच कुणीतरी ते उचलतं आणि स्वतःच्या मनानं पुरं करतं. कागदावर तसं होत नाही. कागद ‘जरा मोठ्यानं बोल’ असंही म्हणत नाही.

सगळ्यात जाड झाली ती गाडीची फाइल. तिच्यावर मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा लेबल लागलं, आणि मी नोकरीला लागले तरी ती बंद झाली नव्हती.

आमची जुनी गाडी डिझेलची. बाकी तिची काही तक्रार नव्हती, फक्त घाटात दमायची. नागपूरला आईची मोठी बहीण राहते, त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा आमचं जाणं व्हायचं. इटारसी मागे पडली की बैतूलच्या बाजूचा घाट लागतो. चढ सुरू झाला की बाबा एकच शब्द म्हणायचे, “एसी.” शेजारी बसलेली आई बटण बंद करायची, तेवढाच इंजिनावरचा भार कमी. मागे बसलेली मी दोन्ही खिडक्या खाली करायची. आमच्यापैकी कुणी याबद्दल कधी काही बोललं नाही. देवळात शिरताना चपला काढतात तसं ते होतं.

खिडक्या उघडल्या की पुढच्या ट्रकांचा धूर आत यायचा. आईला दम्याचा त्रास आहे. ती ओढणी नाकावर धरायची, आणि तरी बैतूलच्या चहाच्या हॉटेलापर्यंत खोकत राहायची. बाबा डावीकडच्या आरशातून मागचे ट्रक बघितल्यासारखं करायचे आणि आईकडे बघायचे. हॉटेलात उतरल्यावर म्हणायचे, “टर्बो बदलायला हवा. म्हणजे गाडीच बदलायला हवी.”

टर्बो म्हणजे काय, हे मला शाळेत कळायच्या आधी बाबांनी ताटातल्या वाटीत चमचा फिरवून समजावलं होतं. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराला जोर असतो. त्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं, आणि ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. हवा जास्त, तर जोर जास्त. आमच्या गाडीतला टर्बो साधा होता. गाडी हळू चालली की तोही पेंगायचा. चांगल्या टर्बोत चक्राभोवती बारीक पात्यांचं एक कडं असतं. धूर कमी असला तर ती पाती वळून वाट अरुंद करतात, आणि थोड्याशा धुरावरही चक्र जोरात फिरतं.

बाबांच्या या आवडीला कारण होतं. त्यांच्या कारखान्यात धरणांवरच्या वीजघरांसाठी पाण्याच्या टर्बाइनी बनायच्या. त्या टर्बाइनींभोवतीही अगदी तसंच वळणाऱ्या पात्यांचं कडं असतं, आणि बाबांची सगळी नोकरी त्या पात्यांवर झाली होती. “माझी पाती म्हशीएवढी,” ते म्हणायचे, “आणि यांची नखाएवढी. पण काम तेच.” आपलं आयुष्यभराचं काम नखाएवढं होऊन आपल्याच गाडीत फिरावं, असं त्यांना वाटत असावं. हे ते बोलले नाहीत. आई मात्र एकदा म्हणाली, “मला खोकला येतो तो धुरानं. यांना वाईट वाटतं ते इंजिनाचं.”

बाबांनी एक गाडी हेरून ठेवली होती. सगळं मनासारखं, फक्त टर्बो साधाच. आणि त्या गाडीबद्दल दर काही महिन्यांनी अफवा उठायची, की कंपनी आता तिला मोठं इंजिन आणि वळत्या पात्यांचा टर्बो देणार. या अफवा इंटरनेटवरच्या गाडीवेड्यांच्या एका फोरमवर यायच्या. रविवारी सकाळी चहा घेताना मी त्या बाबांना वाचून दाखवायची. मोबाइलवरची अक्षरं त्यांना फार बारीक वाटायची. कुणी कुठल्या तरी महामार्गावर चाचणीसाठी काळं कापड गुंडाळून फिरवलेली गाडी पाहिलेली असायची आणि तिचा सायलेन्सर जाड होता. कुणाचा मेहुणा शोरूममध्ये असायचा.

ऐकून झालं की बाबा विचारायचे, “सोर्स काय?”

“मेहुणा.”

“सोडून दे मग.”

पण फाइलमध्ये तारखेसह त्याची नोंद व्हायची. अशा अफवांवर आमची सात वर्षं गेली. प्रत्येक वेळी बाबा गाडी घ्यायच्या बेतात यायचे आणि प्रत्येक वेळी थांबायचे, कारण आपण घेतली आणि दोन महिन्यांनी नवा टर्बो आला तर?

मग ते निवृत्त झाले. आम्ही क्वार्टर सोडून मिसरोदला फ्लॅटमध्ये राहायला आलो. मला मंडीदीपच्या एका कारखान्यात काम मिळालं, घरापासून बसनं पाऊण तासावर. आमच्या खालच्या मजल्यावर बाबांबरोबर नोकरीत असलेले एक नागपूरकर काका राहतात. पहाटेचं फिरणं, चहा आणि सगळ्या जगाच्या बातम्या हे त्या दोघांचं ठरलेलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बाबांनी फाइल काढली आणि नवी नोट लिहिली. तीनच परिच्छेद होते. एक, आपलं वय बासष्ट झालं. दोन, ही आपली शेवटची गाडी असेल. तीन, अफवांची वाट पाहणं पुरे झालं, आहे ती गाडी घ्यावी. आईनं खाली लिहिलं, ‘पांढरा रंग नको,’ आणि सही केली. मी इंग्रजीत ‘नो ऑब्जेक्शन’ लिहिलं. मराठीत ते कसं लिहितात मला आठवेना. बाबांनी डिझेल गाडीचं बुकिंग केलं. तीन महिने थांबावं लागणार होतं. ते रोज शोरूमचं माहितीपत्रक काढायचे, चष्मा पुसायचे आणि परत तेच वाचायचे.

माझ्या कारखान्यात गाड्यांसाठी रबराचे पाइप बनतात. मी बनवत नाही, मी कागद बघते. नवा नमुना तयार झाला की त्याची मापं, उष्णतेची चाचणी, दाबाची चाचणी असं सगळं एका फाइलमध्ये लावून गाडीच्या कंपनीकडे पाठवायचं, हे माझं काम. घरचं वळण असल्यामुळे ते मला जड गेलं नाही. रुजू होताना इथलं बाहेर काही बोलणार नाही अशा कागदावर सही करून घेतली होती. माझ्या बाबतीत तो कागद वाया गेला असं मला तेव्हा वाटलं होतं. मी आतलं आतही बोलत नाही.

नोकरीला आठ महिने झाले होते तेव्हा माझ्या टेबलावर एक ड्रॉइंग आलं. टर्बोतून निघणारी हवा पुढे नेणाऱ्या पाइपचं. कोपऱ्यातला गाडीचा कोड माझ्या ओळखीचा होता, कारण आम्ही त्याच गाडीला चालू मापाचा पाइप पुरवत होतो. बाबांनी बुक केलेलीच गाडी. नवा पाइप जुन्यापेक्षा चांगला जाड होता आणि रबरही जास्त उष्णता सोसणारं मागितलं होतं. मी मापं दोनदा तपासली. मग तिसऱ्यांदा, कामासाठी नाही.

दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा परत ते माहितीपत्रक घेऊन बसले होते. सीटकव्हर कुठलं घ्यायचं ते आईला विचारत होते. मी म्हणाले, “बाबा, थोडं थांबा.”

“का गं?”

“पाइप मोठा झालाय.”

मी एवढंच बोलले. बाबांनी माहितीपत्रक खाली ठेवलं.

“ड्रॉइंग मंजूर होऊन सुटलंय?”

“हो.”

“नंबर पडलाय?”

“हो.”

“रिव्हिजन कितवी?”

“दुसरी.”

ते खुर्चीत मागे टेकले. “मग येतंय,” ते म्हणाले. “मोठा पाइप म्हणजे जास्त हवा. जास्त हवा म्हणजे पात्यांचा टर्बो. सात वर्षांनी पहिला खरा सोर्स.”

इथे जी चूक झाली ती आम्हा दोघांची मिळून झाली. बाबांच्या कारखान्यात एकेक यंत्र एकेका धरणासाठी बनायचं. ऑर्डर हातात आल्याशिवाय तिथला ड्राफ्ट्समन पेन्सिलीला टोकसुद्धा करत नसे. ड्रॉइंगला नंबर पडला म्हणजे यंत्र उभं राहणार, उशीर झाला तरी राहणारच. नुसतं करून बघण्यासाठी काढलेलं ड्रॉइंग त्यांनी चौतीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे उलटं होतं. दहा नमुन्यांतले आठ-नऊ कपाटातच मरतात, आणि हे मला आठ महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बुकिंग रद्द केलं. फाइलमध्ये त्यांनी लिहिलं, ‘विश्वसनीय सूत्रांनुसार.’ माझं नाव घातलं नाही. ते वाचून मला जे वाटलं त्याला अभिमानच म्हणायला हवं.

दोन-तीन आठवड्यांनी रविवारी मी नेहमीसारखं फोरम उघडून वाचायला लागले. ‘मंडीदीपमधल्या एका पुरवठादाराकडून पक्की खबर आहे, की हवेचा पाइप मोठा झालाय आणि…’ इथे मी थांबले.

“सोर्स काय?” बाबांनी सवयीनं विचारलं.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “समोर बसलाय सोर्स.”

बाबांचा चेहरा पडला. “मी फक्त खालच्यांना सांगितलं,” ते म्हणाले. “तेही नुसतं ‘थांबा’ एवढंच.”

“त्यांनी विचारलं असेल का थांबू,” आई म्हणाली.

“हो, मग पाइपाचं सांगावं लागलं.”

खालचे काका मला दुसऱ्याच दिवशी जिन्यात भेटले. त्यांनीही नवी गाडी घ्यायचं पुढे ढकललं होतं. “काय मॅडम, केव्हा येऊन राहिला तुमचा टर्बो? आमच्या सौ. विचारून राहिल्या, गाडी पहिले येते का म्हातारपण पहिले येते?” मी हसले आणि दोन पायऱ्या एकदम उतरले. बस लागली होती, असं दाखवलं. बसला अजून वीस मिनिटं होती.

कारखान्यात आमच्या मॅनेजरनी एका मीटिंगमध्ये म्हटलं, “काम की बात गेट के बाहर नहीं जानी चाहिए.” ते सगळ्यांकडे बघून बोलले. मी वहीकडे बघत होते. वहीत मी त्या दिवशी तारीख सोडून काही लिहिलेलं नाही.

घरी बाबा खुशीत होते. दूधवाल्याच्या हिशेबाच्या, कॅलेंडरच्या, मिळेल त्या कागदाच्या मागे ते पात्यांचं कडं काढायचे. किती पाती असतील, किती अंश वळतील. आईला म्हणायचे, “या वेळी घाटात काच उघडायची नाही बघ.” आई म्हणायची, “आधी गाडी तर येऊ दे.”

होळीच्या सुमारास, एका बुधवारी, मला नमुने कापायच्या ठिकाणी बोलावलं. एखादं काम बंद पडलं की त्याचे नमुने भंगारात टाकण्याआधी मधोमध कापतात, बाहेर कुणी वापरू नये म्हणून. कापताना कागद सांभाळणाऱ्यानं समोर उभं राहून सही करायची असते. ट्रेमध्ये तेच जाड पाइप होते. मी विचारलं नाही तरी मॅनेजरनीच सांगितलं. त्या गाडीला मोठं इंजिन येणार नव्हतं. कंपनी त्या गाडीचं डिझेलच बंद करणार होती. आमच्या चालू पाइपाची ऑर्डरही थोड्याच दिवसांत संपणार होती. ते हे सगळं सहज बोलून गेले, चहा कुठून मागवायचा ते बोलावं तसं. करवतीखाली एकेक पाइप जात होता. मी सही केली.

म्हणजे बाबा ज्याची वाट बघत होते ते येणार नव्हतं, आणि ज्याचं बुकिंग त्यांनी माझ्या एका वाक्यावर सोडलं होतं तेही जाणार होतं. मी त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी शोरूमला गेले असते. हे मला त्या करवतीसमोरच कळलं होतं. तरी मी अकरा दिवस बोलले नाही.

स्वतःला मी सांगायची, की गेटबाहेर बोलायचं नाही म्हणून सही केली आहे. ते कारण अर्धंच खरं होतं. पाइप मोठा झाला तेव्हा ती सही मला आडवी आली नव्हती. उरलेलं कारण हे, की मी खरा सोर्स होते आणि मला मेहुणा व्हायचं नव्हतं.

अकराव्या दिवशी रविवार होता. बाबा फिरायला गेले असताना मी फाइल काढली आणि नोट लिहिली. इंग्रजीत, चार परिच्छेद. मोठं इंजिन येणार नाही. डिझेल बंद होणार आहे. माझी आधीची माहिती अर्धवट होती, नमुना म्हणजे ऑर्डर नव्हे. आपण सोडलेलं बुकिंग अजून मिळत असेल तर आजच करावं. सही केली, फाइल जेवणाच्या टेबलावर ठेवली, वर मिठाची बरणी ठेवली, आणि माझ्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

बाबा आल्याचं ऐकू आलं. खुर्ची सरकली. पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग लोटलेल्या दाराच्या फटीतून फाइल आत सरकली.

माझ्या सहीशेजारच्या समासात बाबांनी हिंदीत लिहिलं होतं, ‘चर्चा करें.’ खाली सही आणि तारीख.

त्यांच्या ऑफिसात याचा अर्थ ठरलेला होता. साहेबांना लिहिलेलं पुरेसं वाटलं नाही, किंवा लिहिलेल्यापेक्षा जास्त काही आहे असं वाटलं, की ते हे दोन शब्द लिहायचे. मग लिहिणाऱ्यानं स्वतः त्यांच्या टेबलासमोर जाऊन तोंडानं सांगायचं. त्यावर पुन्हा नोट लिहिता येत नसे. बाबांनी घरच्या कुठल्याच फाइलवर हे आधी कधी लिहिलं नव्हतं.

मी बाहेर गेले. आई ओट्याशी होती, तिनं गॅस बारीक केला.

“नोटेत एक गोष्ट नाही,” बाबा म्हणाले. “तुला कधी कळलं?”

“बुधवारी.”

“परवाच्या?”

“नाही. त्याच्या आधीच्या.”

त्यांनी बोटांवर मोजलं. मी वाट बघत होते की ते आता काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, “नमुने किती होते?”

“दोन ट्रे.”

“आणि पाइप खरंच मोठा होता? माप तू स्वतः घेतलंस?”

“तीनदा.”

“मग कुणीतरी करून बघत होतं,” ते म्हणाले. थोडा वेळ ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. “म्हणजे कुणाच्या तरी डोक्यात होतं.” मग एकदम उठले. “चला. रविवारी शोरूम उघडं असतं.”

आम्ही तिघंही गेलो. शोरूममधला मुलगा फार अदबीनं वागला. “सर, डीज़ल की बुकिंग तो गुरुवार को बंद हो गई. पेट्रोल दिखाऊँ?” बाबांनी शेवटची शिल्लक गाडी एखादी आहे का विचारलं. शुक्रवारी गेली होती. कुठला रंग होता ते आईनं विचारलं. “व्हाइट, मैडम.”

परत येताना बाबाच गाडी चालवत होते. मी मागे बसून तारखा जुळवत होते, खरं तर त्या जुळवायला कठीण नव्हत्या. तीन दिवस. पुलाखालच्या सिग्नलला बाबा म्हणाले, “नोट आठवडाभर आधी आली असती तर…”

“तिनं अकरा दिवस लावले,” आई म्हणाली. “तुम्ही सात वर्षं लावली. पुढे चहाचं दुकान आहे, थांबवा गाडी.”

बाबांनी थांबवली. चहा पिताना मी त्यांना ‘सॉरी’ म्हणाले, बऱ्यापैकी ऐकू जाईल असं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या ग्लासातला आल्याचा तुकडा काढून टाकला. मला तो आवडत नाही हे त्यांना माहीत आहे.

पेट्रोल गाडीची गोष्ट त्यांनी काढली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी जुनी गाडी एका मिस्त्रींकडे नेली आणि मलाही बरोबर यायला सांगितलं. मिस्त्री भोपाळी. टर्बो उघडून त्यातलं चक्र बोटानं हलवलं आणि बाबांना म्हणाले, “थक गया है खां, मरा नहीं है. अंदर का माल बदल देते हैं.” बाबा वाकून चक्राची पाती बघत होते. मी बाजूला काढून ठेवलेला हवेचा पाइप उचलला. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून. वळणाच्या आतल्या बाजूला मी नख घातलं, जसं कामावर घालते. रबराचे थर सुटले होते. पाइप दाबला की फट उघडायची, सोडला की मिटायची. नुसतं बघून कुणाला दिसली नसती.

“बाबा, हवा इथूनही जातेय,” मी म्हणाले.

मिस्त्रींनी पाइप माझ्या हातातून घेतला, दाबला, गालापाशी धरला. “बिटिया ने पकड़ लिया.”

बाबांनी पाइप घेऊन तो पुन्हा पुन्हा दाबला. “सात वर्षं मी टर्बोला बोल लावतोय,” ते म्हणाले. त्यांनी घरी आल्यावर फाइलमध्ये तो परिच्छेद स्वतःच्या हातानं लिहिला. या वेळी सूत्रांचं नाव घातलं.

मे महिन्यात आम्ही नागपूरला निघालो. टर्बोचं आतलं सगळं नवं, पाइप नवा. बाबांनी मला चालवायला सांगितलं. त्यांना शेजारी बसून इंजिन ऐकायचं होतं. आई मागे बसली. घाटाची पाटी दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ‘एसी’ म्हणायचं काम गाडी चालवणाऱ्याचं असतं. बाबांचा हात बटणापाशी तयार होता आणि ते माझ्याकडे बघत होते.

पहिला चढ आला. मी काही बोलले नाही. गाडी चढली. बाबांनी मान तिरकी केली, आवाज ऐकला. दुसऱ्या चढाला पुढे कोळशाचा ट्रक होता. मी गिअर उतरवला, ट्रक मागे टाकला. मागून आई म्हणाली, “हळू.” तिसरा, चौथा चढही काचा बंद ठेवून झाला. त्यापुढे एक लांब चढ आहे, वळून वळून वर जाणारा. तिथे गाडीचा दम कमी होत चाललेला मला पायाला कळायला लागला. बाबांनाही कळलं असणार, पण त्यांचा हात तसाच होता. ते स्वतःहून बंद करणार नव्हते. अजून थोडं ओढून बघावं असं मलाही वाटत होतं. मागे ट्रक हॉर्न द्यायला लागला.

“एसी,” मी म्हणाले. गाडीत तो शब्द मला वाटला त्यापेक्षा मोठ्यानं आला.

बाबांनी लगेच बंद केला. आईनं स्वतःच काच खाली केली आणि ओढणी नाकावर घेतली. तो चढ आणि त्यापुढचा शेवटचा, दोन्ही तसेच झाले.

बैतूलच्या हॉटेलात पोचलो तोवर तिचा खोकला थांबला होता. तिनं चहाबरोबर समोसाही मागवला. तिथे ती समोसा कधी मागवत नाही. बाबांनी उभ्यानंच खालच्या काकांना फोन लावला. “अहो, पूर्ण घाट एसीवर चढली! हो, जुनीच. नवा टर्बो, नवा पाइप.”

पलीकडून काकांचा आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता. “काय सांगून राहिले! सोर्स काय?”

बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. शेजारच्या टेबलावरची माणसंही बघत होती.

“काका, मीच चालवत होते,” मी म्हणाले. “शेवटचे दोन चढ मात्र एसी बंद होता.”

“असं? मग पक्की खबर आहे.”

बाबांनी फोन परत घेतला. “दोनच,” ते काकांना म्हणाले.